प्रसादाचे माप
सद्भक्तहो, वैद्यांच्या सांगण्यावरून वजन उतरविण्याचा नेम अनेकजण धरतात. बेळगावचा कुंदा वा सणाची पुरणपोळी समोर आली की तो मोडतो. षट्स्थलात यावर उपाय आहे. भक्तस्थलाची श्रद्धा नेम धरविते, महेशस्थलाची निष्ठा मोडलेला नेम पुन्हा उभा करते आणि प्रसादिस्थलाचे अवधान ताटावर लक्ष ठेवते. प्रसाद टाकायचा नसतो. म्हणून इष्टलिंगास अर्पण करण्यापूर्वीच माप ठरवावे, अर्पिल्यावर पुन्हा वाढून घेऊ नये. मात्र उपाशी राहून देह छळू नये. महात्मा बसवेश्वरांनी देहालाच देवालय म्हटले आहे. महिन्याभरात फळ दिसले नाही म्हणून आपण लिंगपूजा सोडत नाही. मग वजनकाटा हलला नाही म्हणून ताटाचा नेम का सोडावा? शरणु शरणार्थी.