बोट घेताय? आधी खाली वाकून बघ

अगं, तुझा मेसेज वाचून इतका आनंद झाला की काय सांगू! 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून भारतीय नौदलातल्या सहा जणी २०१७-१८ मध्ये गोव्याहून निघून जगाला वळसा घालून आल्या, तेव्हा तू त्यांचा मुक्काम कुठे पडला हे रोज मला कळवायचीस. आता तिकडे मिशिगनमध्ये घराजवळ लेक सेंट क्लेअर आहे, तेव्हा शिडाची बोट घ्यावीशी वाटणारच. घ्या, जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी ताईचं थोडं ऐकून घे.

तू पाठवलेल्या जाहिरातींमधली ती सव्वीस फुटी मनातून काढून टाक. आत दोन माणसं उभी राहू शकतात, स्वयंपाकाचा ओटा आहे, सगळं मान्य. पण ती ट्रेलरवरून उतरवायची म्हणजे अख्खी सकाळ जाणार. जून-जुलैत तुमच्याकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटल्यावर दोन तास पाण्यावर जाता आलं तर ती बोट तुमची. नाहीतर ती आवारात ताडपत्रीखाली पडून राहते आणि बघून बघून जीव हळहळतो.

म्हणून माझं मत त्या जुन्या कॅटलिना २२ ला. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही बोट १९६९ पासून निघाली आणि पंधरा हजारांवर बनल्या. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि कुठलीही अडचण आली तरी ती आधी कोणीतरी सोडवलेली असते. त्यातली वर-खाली होणाऱ्या कीलची, म्हणजे तळाखालच्या जड पात्याची, घे. तुमचं तळं सरासरी जेमतेम अकरा फूट खोल आणि काठाकडे त्याहून उथळ. कील वर घेतली की या बोटीला दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच फूट लागतं. अशा तळ्याला याहून सोयीचं काय असणार?

आता बोट बघायला जाल तेव्हा मालक तुम्हाला आधी आत बोलावेल, नव्या गाद्या दाखवेल, शिडं उलगडेल. तू मात्र चटई घेऊन जा आणि सरळ ट्रेलरखाली शीर. ती कील म्हणजे साडेपाचशे पौंडांच्या आसपासचं ओतीव लोखंड. ते एका खिळीवर फिरतं आणि एका तारेच्या दोरावर लटकतं. तार तुटली तर एवढं वजन धाडकन खाली येतं आणि बोटीच्या तळालाच इजा होऊ शकते. तारेचा एखादा धागा जरी सुटलेला दिसला तरी ती बदलायचीच, असं धरून भाव कर. मग खिळी. बोट ट्रेलरवर असताना ती नीट तपासता येत नाही, म्हणून एखाद्या बोटयार्डात पट्ट्यांवर उचलून, कील मोकळी करून दाखवा म्हण. पैसे पडतील, पण द्या. खिळीचं भोक झिजून मोठं झालं असेल तर कील बाजूला हलते आणि पाण्यावर ठक ठक आवाज येत राहतो. आणि ही बोट आधी कुठे होती हेही विचार. खाऱ्या पाण्यातली असेल तर लोखंडाची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

डेकवर चप्पल काढून चाल. कुठे पायाखाली दबल्यासारखं वाटलं, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलंय. हातभर जागा असेल तर दुरुस्त होते. डोलकाठीच्या बुडाशी असेल तर ती बोट सोडून दे. डोलकाठीला धरणाऱ्या तारांवरून कापूस फिरव. कापूस अडकला तिथे धागा तुटलाय. उघडा हात मात्र फिरवू नकोस, हाताचं बोट फाटतं. शिडं जुनी असली तर घाबरू नकोस, पहिल्या उन्हाळ्याला फिकी शिडं चालतात.

ट्रेलरकडे लोक बघतच नाहीत, आणि हायवेच्या कडेला ताटकळतात ते त्यामुळेच. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नकोस. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांहून जुने असतील तर बदलायचा खर्च धर. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दर हंगामाला नवं हवं, कारण तापलेलं चाक गार पाण्यात गेलं की आत पाणी शिरतं. वाटेत थांबाल तेव्हा हबजवळ हात नेऊन बघ. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर पुढे जाऊ नका. आणि तुमची गाडी! बोटच सव्वादोन हजार पौंडांची, त्यात ट्रेलर, इंजिन, सामान. सगळं मिळून तीन हजारांच्या पुढे जातं. कित्येक लहान एसयूव्ही पंधराशेच पौंड ओढू शकतात. हे बोट घेण्याआधी गाडीच्या पुस्तकात बघ, नंतर नको.

आता जरा जवळ ये, खरं सांगायचंय ते हे. रॅम्पवर मी किती जोडपी बघते. नवरा गाडी मागे घेतो, बायको उभी राहून हात हलवते, तो ओरडतो, ती गप्प होते. पाण्यावर गेलं की सुकाणू त्याच्याच हातात आणि तिच्या हातात खाण्याचा डबा. दोन उन्हाळ्यांत ती म्हणायला लागते, तूच जा, मला कामं आहेत. तुझं असं होऊ द्यायचं नाहीये मला. तुझा नवरा चांगला आहे, पण पहिल्या दिवशी जे ज्याच्या हातात जातं ते त्याच्याच हातात राहतं.

म्हणून ट्रेलर मागे घ्यायला तूच शीक. रविवारी सकाळी मोकळं पार्किंग गाठ. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेव. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात ने, आणि हळू. वाकडा झाला की पुढे घेऊन सरळ कर. त्यात लाज कसली? सगळेच करतात.

सुकाणूही अर्धा वेळ तुझ्याकडे. हे मी हट्टाने सांगते, कारण प्रश्न हौसेचा नाही. तो पाण्यात पडला तर बोट परत त्याच्यापर्यंत कोण आणणार? वारा बेताचा असेल अशा दिवशी एक उशी पाण्यात टाका आणि तू एकटीने ती आणून दाखव, तो मधे बोलणार नाही. जवळ आलीस की बोटीचं तोंड वाऱ्याकडे कर आणि शिडं सैल सोड, बोट थांबेल. मग त्याचा नंबर. जमेपर्यंत करा.

बोटीवर काय बसवायचं याला माझी एकच कसोटी आहे, तुमच्यापैकी कोणालाही ते एकट्याने हाताळता येईल का? डोलकाठी उभी करायला आधाराचा खांब आणि कप्पी घ्या. शिडांचे दोर मागे बसल्या जागी ओढता येतील असे वळवून घ्या. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी हवी. पुढचं शीड भलंमोठं नको, मध्यम पुरे. मागे चार ते सहा हॉर्सपॉवरचं, लांब शाफ्टचं इंजिन. नांगराला साखळी आणि भरपूर दोर, पाणी दहा फूट तर दोर सत्तर फूट. रेडिओ घ्या आणि चॅनल १६ ऐकत जा. लाइफजॅकेट अंगावर बसणारं, आणि ते अंगावरच. मेमध्ये हवा छान असते पण पाणी अजून बर्फाच्या आठवणीतलं असतं, त्यात पडल्यावर श्वासच अडकतो. बाकी सगळी सजावट पुढच्या वर्षी.

तुमचं तळं उथळ म्हणून निर्धास्त राहू नकोस. उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या आणि फार पटकन उठतात. शीड लहान करावं का असं मनात आलं की तेव्हाच कर. मधल्या खणलेल्या मार्गाने मोठी मालवाहू जहाजं जातात. त्यांना पटकन थांबता येत नाही आणि वळताही येत नाही, त्यांच्या वाटेत रेंगाळू नका. आणि रॅम्पवर डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला टेकली तर माणूस जातो. घाईच्या दिवशीसुद्धा हे चुकवायचं नाही.

देखभालीचं एवढं मोठं काही नाही, फक्त वेळच्या वेळी करावं लागतं. बोट दरवेळी बाहेर काढणार म्हणजे शेवाळ रोखणाऱ्या महागड्या रंगाची गरज नाही. पाण्यातून काढलीत की बूच काढा, पाणी जाऊ द्या, ट्रेलरला चिकटलेलं गवत काढा. मिशिगनमध्ये तो कायदाच आहे, नाहीतर उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. शिडं ओली घडी करू नका. ऑक्टोबरात इंजिनच्या गिअरचं तेल बदला, ते दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय. कुठेही पाणी साठू देऊ नका, गोठलं की तडा जातो. वरून ताडपत्री घाला पण दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवा, नाहीतर वसंतात आत बुरशीचा वास.

कागद म्हणशील तर बोटीचे वेगळे, ट्रेलरचे वेगळे, दोन्ही माग. १९७२ च्या शेवटापासूनच्या बोटींवर मागच्या फळीच्या उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो, तो कागदाशी जुळवून बघ. आणि कागदावर नावं दोघांची घाला. जेवढ्याला बोट घ्याल साधारण तेवढेच पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, मग तारेचा नाहीतर टायरचा खर्च आला म्हणून भांडण व्हायचं नाही.

शनिवारी बघायला जाताय ना? जाताना चटई, टॉर्च आणि कापूस पिशवीत टाक. कीलच्या खिळीचा (दिसेल तेवढा), तारेचा आणि टायरवरच्या आकड्यांचा फोटो जवळून काढून मला लगेच पाठव. मी फोन हातातच ठेवते. मी हो म्हणेपर्यंत बयाणा देऊ नकोस.