शवासन : विश्रांतीची मात्रा आणि मर्यादा

‘थोडा वेळ शवासन करीत जा,’ असा सल्ला आपण वैद्यमंडळी रुग्णास सहज देतो. मात्र ते कोणी, केव्हा, किती वेळ करावे व कोणी टाळावे, हे बहुधा अध्याहृतच राहते. औषधाची मात्रा, काल व अनुपान काटेकोरपणे सांगणारे आपण विश्रांतीच्या बाबतीत मोघम बोलतो. शवासनाची योजनाही औषधाप्रमाणेच व्हावी, असे आमचे प्रतिपादन आहे.

शास्त्राधार

स्वात्मारामकृत हठप्रदीपिकेच्या प्रथमोपदेशात शवासन श्रमहारक व चित्तास विश्रांती देणारे म्हटले आहे. घेरण्डसंहितेतील ३२ आसनांत तेच ‘मृतासन’ या नावाने येते. आयुर्वेदाला हा विचार परका नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात आयासास सर्व अपथ्यांत अग्रस्थान दिले आहे. द्राक्षा, खर्जूर, दाडिम, इक्षु आदी द्रव्यांचा श्रमहर गणही त्यांनी सांगितला आहे. अतिश्रमाने प्रकुपित झालेल्या वातावर अशा आहारद्रव्यांबरोबर शवासनाची जोड युक्तिसंगत ठरते.

दिवास्वापाचा प्रश्न

येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते. ग्रीष्म ऋतू वगळता दिवसाची झोप कफपित्तकर मानली आहे; स्थूल व कफप्रकृतीच्या व्यक्तींना तर ती निषिद्धच. शवासनात रुग्ण घोरू लागला, तर उपचाराच्या नावाखाली दिवास्वापच घडतो. सर्व अंग शिथिल असताना चित्त श्वासावर जागृत राहणे, हाच या दोहोंतील भेद होय. ज्यांना लगेच डोळा लागतो, त्यांना एक हात कोपरापासून उभा ठेवण्यास सांगावे. झोप येताच तो खाली येतो व जाग येते.

विधी, काल व मात्रा

सपाट जमिनीवर सतरंजी अंथरून उताणे निजावे. पायांत सुमारे एक ते दीड फूट अंतर, हात शरीरापासून किंचित दूर, तळवे वर, डोळे मिटलेले असावेत. पावलांपासून मस्तकापर्यंत एकेक अवयव क्रमाने सैल सोडावा. नंतर श्वास नैसर्गिक गतीने येऊ-जाऊ द्यावा. आरंभी १० मिनिटे पुरतात. पोट रिकामे असावे. जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्यावेत. उठताना प्रथम कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे व मगच बसावे. एकदम उभे राहिल्यास, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना, चक्कर येऊ शकते.

आधुनिक अनुभव

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. औषध न घेणाऱ्या १० रुग्णांचा मध्यमान दाब १३४ वरून १०७ मि.मी.पर्यंत उतरला. औषधाने दाब आटोक्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे ३२ टक्क्यांवर आली. उरलेल्या नऊ जणांत असा लाभ दिसला नाही. रुग्णसंख्या लहान होती आणि औषध कमी झाले ते वैद्यकीय देखरेखीखाली, हे विसरता कामा नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. ‘आता शवासन करतो, गोळ्या बंद केल्या,’ असे सांगणारे ग्राहक दुकानात येतात. काही रक्तदाबशामक औषधे अचानक थांबविल्यास दाब उसळून धोका संभवतो. अशा ग्राहकास त्याच्या चिकित्सकाकडे त्वरित पाठवावे.

सावधानता

उताणे निजल्यावर दम लागणाऱ्या श्वास व हृद्रोगाच्या रुग्णांना सपाट निजवू नये. डोके व पाठ उंच ठेवावी. गर्भिणीने पाचव्या महिन्यानंतर उताणे न निजता डाव्या कुशीवर विश्रांती घ्यावी. कटिशूल असल्यास गुडघ्यांखाली उशी द्यावी. डोळे मिटताच घाबरणाऱ्या रुग्णास ते उघडे ठेवू द्यावेत.

निष्कर्ष

शवासनास खर्च नाही, म्हणून त्यास मात्रा नाही असे समजू नये. प्रथम भेटीत वैद्यांनी ते स्वतःसमोर एकदा करवून घ्यावे, चिठ्ठीवर वेळ व कालावधी लिहावा आणि पुढील भेटीत नाडी, रक्तदाब व निद्रा यांची नोंद ठेवावी. अशा नोंदी वाढल्या, तरच हा उपचार आपल्याला आत्मविश्वासाने सांगता येईल.