तुमचं पूर्ण नाव सांगा

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका रुग्णाची रक्तदाबाची गोळी दुसऱ्यालाच दिली. मेडिकल वॉर्डात दोन पवार होते. एकाची खाट सकाळी बदलली होती, माझ्या डोक्यात मात्र जुनाच नंबर होता. "पवार ना?" मी विचारलं, आजोबांनी मान हलवली आणि गोळी घेतली. पाच मिनिटांनी केसपेपर पाहिला आणि माझे हातपाय गार पडले. कोणी पाहिलं नव्हतं. तशीच सिस्टर इनचार्जकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी आधी डॉक्टरांना कळवलं, मला दर अर्ध्या तासाने आजोबांचं बीपी घ्यायला बसवलं, झालेला प्रकार लेखी नोंदवला आणि आजोबांना तो माझ्याच तोंडून सांगायला लावला. रागावल्या त्या दुसऱ्या दिवशी. आजोबांना सुदैवाने काही त्रास झाला नाही. तेव्हापासून मी "तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच विचारते. घाबरलेला, गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस "पवार ना?" ला हो म्हणतो, "पाटील ना?" लाही हो म्हणतो.

आता मी नर्सिंग शिकवते. बारावीच्या निकालानंतर पालक भेटायला येतात. फी किती, पगार किती, रात्रपाळी असते का, मुलगी एवढी हुशार असताना नर्सिंग कशाला, हे त्यांचे प्रश्न. सगळे रास्त आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला आधी एवढं विचारा: तुझ्या हातून चूक झाली आणि कोणी पाहिलं नाही, तर सांगशील का? इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, कॅथेटर घालणं सरावाने हाताला बसतं. चूक कबूल करणं अंगी बाणायला वेळ लागतो, आणि काहींच्या बाबतीत ते बाणतच नाही.

या कामाचा फार मोठा भाग शिकवण्याचा आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात शिक्षणतंत्र हा स्वतंत्र विषय आहे तो यासाठीच. हृदयविकाराचे एक काका डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांत पुन्हा पाय सुजून, धाप लागून दाखल झाले. "मीठ बंद केलंय का?" या प्रश्नाला ते आणि काकू दोघंही ठामपणे हो म्हणाले. खोटं बोलत नव्हते. ताटातलं वरचं मीठ त्यांनी खरंच बंद केलं होतं. मी विचारलं, "काल दुपारी जेवायला काय काय होतं, सांगा बरं." भाकरी, सुकटीची चटणी, लोणच्याची फोड, भाजलेला पापड. मीठ कमी करा, हे त्यांना तीन जणांनी सांगितलं होतं. ते कशाकशात असतं, हे कोणीच विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, "समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या. "आता घरी गेल्यावर तुम्ही काय करणार, ते मला सांगा" असं म्हणा. इन्सुलिन घेणाऱ्या आजींना सुई हातात देऊन करून दाखवायला लावा. बाटली फ्रीजच्या दारात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. रोज एकाच जागी टोचायचं नाही. घरात फ्रीज नसेल तर माठातल्या गारव्यात कशी ठेवायची. रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला बघायला सांगायचं. यातलं एक जरी त्यांच्या मनात नीट उतरलं नाही, तर त्याची किंमत पायाच्या बोटाने मोजावी लागते. ज्याला आजीशी तिच्या भाषेत, तिच्या वेगाने बोलायचा कंटाळा येतो, त्याने हा पेशा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मग त्याला बारावीला ९० टक्के का असेनात.

दुसरा मोठा भाग निर्णयांचा. पालकांना वाटतं, निर्णय डॉक्टर घेतात, सिस्टर फक्त पाळतात. रात्री दोन वाजता वॉर्डात या. कॅन्सरचे रुग्ण, मुलांनी बजावलेलं, "बाबांना काही सांगू नका." आणि बाबा जागे असतात. पाणी द्यायला गेलेल्या तेवीस वर्षांच्या सिस्टरचा हात धरून विचारतात, "खरं सांग पोरी, मला काय झालंय?" निदान आपण होऊन सांगणं हे तिचं काम नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण "काही नाही बाबा, साधी गाठ आहे" असं ती म्हणाली, तर उद्या तिच्या कोणत्याच शब्दावर त्यांचा विश्वास राहणार नाही. तिने काय करावं? स्टूल ओढून बसावं. "तुम्हाला काय वाटतंय बाबा?" असं विचारावं. पुष्कळदा त्यांना सगळं कळलेलं असतं आणि खरी काळजी वेगळीच असते: दुखेल का फार, जमिनीची वाटणी राहिलीय, धाकटीचं लग्न. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना तिने हे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांपर्यंत पोचवावेत. मुलांना बाजूला घेऊन, वडील स्वतःच विचारत आहेत, हे त्यांना समजवावं. आजार त्यांचा आहे, जाणून घ्यायचा हक्कही त्यांचा आहे.

कधी पेच कायद्याचा असतो. पोटात दुखतं म्हणून सोळा वर्षांची मुलगी येते, गर्भवती निघते, आई हात जोडते, "कुठे बोलू नका हो." तसं वचन देता येत नाही. २०१२ च्या पोक्सो (बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण शेजारच्या खाटेपर्यंत ही गोष्ट जाऊ न देणंही तितकंच बंधनकारक. आणि कधी वरिष्ठांना नाही म्हणावं लागतं. पोटॅशियम क्लोराईडचं तीव्र इंजेक्शन पातळ न करता शिरेत थेट दिलं तर हृदय बंद पडू शकतं. घाईत कोणी तसं तोंडी सांगितलं, तर हात आखडून "सर, लिहून द्या, मी पातळ करून ड्रिपमध्ये देते" म्हणायची हिंमत लागते.

असाच एक पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं सुटलं नाही. लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणांचं अन्न थांबवावं अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. २०११ मध्ये न्यायालयाने कठोर अटींसह निष्क्रिय दयामरणाचा मार्ग मान्य केला, पण अरुणांच्या बाबतीत सांभाळ करणाऱ्या केईएमच्या लोकांचं म्हणणं ग्राह्य धरून मागणी फेटाळली. मी दर वर्षी वर्गात हा खटला काढते. निम्मा वर्ग विराणींच्या बाजूने, निम्मा सिस्टरांच्या. दोन्ही बाजूंच्या मुली रडतात. माझं मन सिस्टरांकडे झुकतं, पण समोरच्या बाजूची तळमळही खरी होती, हे मी त्यांना सांगते.

आता पालकांचे प्रश्न. नर्सिंगचा एएनएम अभ्यासक्रम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा. दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. झेपत असेल तर बी.एस्सी.च करा, पुढे एम.एस्सी., अध्यापन, परदेश, सगळ्या वाटा तिथून सोप्या होतात. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातल्या (एएफएमसी) नर्सिंग कॉलेजात मुलींना नीट परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो आणि पुढे सैन्यात कमिशन. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. खाजगीत चित्र वेगळं आहे. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांहून कमी पगार नसावा, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये केली, तरी अनेक ठिकाणी त्याहून कमीवर राबवून घेतात. त्यामुळे नेमणूकपत्र हातात येईपर्यंत हो म्हणू नका. रात्रपाळी असते, सणावारीही असते. मुलांनाही हे क्षेत्र खुलं आहे, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात आणि आयसीयूत त्यांना चांगली मागणी आहे.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, रुग्णालय बघा. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, खाटा भरलेल्या आहेत का, विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात ट्यूटर उभी असते का. संध्याकाळी भेटीच्या वेळेत तिथे एक चक्कर मारा आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, "आठवड्यात किती दिवस पोस्टिंग असतं, आणि चूक झाली तर कोणाला सांगता?" ती काय सांगते ते ऐका. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव, तेही पूर्ण नाव, स्वतः तपासा, आणि त्यानंतरच फीचा पहिला हप्ता भरा.