जोडीदाराच्या कायम वास्तव्याचा अर्ज : दाखल्यांची पूर्वतयारी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींचे विवाह गोव्यात, बेळगाव भागात, बडोदे-इंदुरात होतात. समारंभ आटोपतो, रजेचे दिवस संपतात आणि दोघांपैकी एकजण परत जातो. मागे राहिलेल्याच्या हाती दाखल्यांची एक फाईल उरते. त्या दोघांचा संसार एका छपराखाली केव्हा सुरू होणार हे बव्हंशी त्या फाईलीवर ठरते. ती ज्या कागदांनी भरायची ते कागद मात्र परदेशातील कोणी देत नाही. ते आपल्याच पंचायतीतून, नगरपालिकेतून, नागरी निबंधकाच्या कचेरीतून आणि शाळेतून मिळवावयाचे असतात. म्हणून हा विषय अर्जदारांनी जितका समजून घ्यावा तितकाच दाखले देणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही समजून घ्यावा, असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे. देशादेशांचे नियम निरनिराळे असतात. येथे उदाहरणादाखल अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा विचार केला आहे.

कार्यपद्धती थोडक्यात अशी. अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील कायम रहिवासी असलेला जोडीदार प्रथम आय-१३० हा विनंतीअर्ज दाखल करतो. त्यासोबत दुसऱ्या जोडीदाराची माहिती देणारा आय-१३०ए हा नमुना जोडावा लागतो. त्यात आईवडिलांची नावे आणि मागील पाच वर्षांतील राहण्याचे पत्ते व नोकऱ्या द्याव्या लागतात. नागरिकाच्या पतीला वा पत्नीला संख्येची मर्यादा नाही. कायम रहिवाशाच्या जोडीदाराला मात्र वार्षिक मर्यादेमुळे रांगेत थांबावे लागते. विनंती मंजूर झाल्यावर जोडीदार भारतात असेल तर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, डीएस-२६० हा अर्ज भरला जातो, दाखले सादर होतात, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी होते आणि शेवटी वकिलातीत मुलाखत होते.

या सर्व टप्प्यांवर तपासणारा अधिकारी मुळात दोनच प्रश्न विचारीत असतो : ही व्यक्ती तीच आहे काय, आणि हा विवाह खरा आहे काय? दुसऱ्या प्रश्नाची धास्ती सर्वांना असते. प्रत्यक्षात आपल्याकडील कुटुंबे पहिल्याच प्रश्नापाशी अधिक अडखळतात, असा अनुभव आहे.

नावांचा गुंता

याचे कारण आपल्या नाव ठेवण्याच्या रीतीत आहे. मराठी घरात मुलीचे पाळण्यातील नाव एक, शाळेतील नाव क्वचित दुसरे, आणि लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने लिहिलेले नाव तिसरे. नावापुढे वडिलांचे नाव असते, विवाहानंतर तेथे पतीचे येते, आडनावही बदलते. म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील मुलगी आणि बँकेच्या पुस्तकावरील सौभाग्यवती यांच्या नावांत एक शब्दही समान नसतो. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. पण ज्या देशात नाव जन्मभर बहुधा तेच राहते, तेथील अधिकाऱ्याला या दोन भिन्न स्त्रिया दिसतात.

गोव्यात आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज अमदानीतील नोंदींत आडनावे त्या भाषेच्या लेखनपद्धतीने लिहिली गेली. कामतांचे ‘कामोतीं’ झाले, प्रभूंचे ‘पोरोबो’, आणि नाईक हे साधे आडनावही रोमन लिपीत वेगळ्याच अक्षरांनी संपू लागले. आजोबांचे आडनाव एका लेखनाने, वडिलांचे दुसऱ्या आणि मुलाच्या पासपोर्टवर तिसऱ्या, अशी घरे सासष्टीपासून पेडण्यापर्यंत आढळतील.

यावर उपाय दडवादडवीचा नव्हे. अमेरिकी नमुन्यांत पूर्वी वापरलेली सर्व नावे विचारणारा रकाना असतो. तो पुष्कळजण रिकामा सोडतात, आणि येथेच पहिली चूक होते. माहेरचे नाव, लग्नातील नाव, निराळ्या लेखनाने लिहिलेले नाव, सर्व तेथे नोंदवावे. आपण होऊन सांगितलेला फरक हा केवळ तपशील असतो. तोच फरक अधिकाऱ्याला सापडला तर तो संशय ठरतो. आईचे माहेरचे आडनावही विचारले जाते. ते मुलांना कित्येकदा ठाऊक नसते आणि आजोळी पत्र टाकावे लागते. तेव्हा ही चौकशी आधीच करून ठेवावी.

फरक सांगितल्यावर तो जोडणारा कागद लागतो. माहेरचे आडनाव जाऊन सासरचे आले एवढाच बदल असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पुरतो, मात्र त्यात वधूचे विवाहापूर्वीचे संपूर्ण नाव असले पाहिजे. मूळ नावच बदलले असेल तर महाराष्ट्रात राजपत्रात प्रसिद्धी देण्याची रीत आहे, आणि गोव्यात नाव व आडनाव बदलण्यासंबंधी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. सर्वांत सोपे म्हणजे पासपोर्टवरील नाव हेच प्रमाण मानून पुढील प्रत्येक कागद त्या नावाने काढणे. हौसेने बदललेले नाव घरात हाक मारण्यापुरते ठेवले तर बिघडत नाही.

जन्माचा पुरावा

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून अंमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्यांची नोंद अनेक ठिकाणी नसते, आणि त्यानंतर जन्मलेल्यांचीही असतेच असे नाही. नोंद नसल्यास अमेरिकी नियमांत पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम सक्षम कचेरीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्यासोबत शाळेचा दाखला किंवा बाप्तिस्म्याची नोंद यांसारखा दुय्यम पुरावा द्यावा लागतो. तोही नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे. या पायऱ्या ओलांडता येत नाहीत. नोंद नसल्याचा दाखला न घेता थेट मामा आणि मावशीची प्रतिज्ञापत्रे जोडणारे अर्जदार पुष्कळ असतात, आणि त्यांचे कागद परत येतात.

एका वर्षाहून अधिक विलंबाने जन्माची नोंद करावयाची झाल्यास, २०२३ च्या सुधारणेनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. अशी नोंद कायदेशीर असली तरी विवाहानंतर घाईने केलेली तीस वर्षांपूर्वीच्या जन्माची नोंद पाहून परदेशी अधिकारी थबकणारच. तिच्या जोडीला जुना शालेय दाखला दिल्याने काम सुकर होते. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे नाव नसलेला दाखला. रुग्णालयातून नोंद झाली, बारसे मागाहून झाले आणि नाव कळवायचे राहून गेले. नोंद आहे, आईवडिलांची नावे आहेत, पण बाळाला नाव नाही! असा दाखला हाती आल्यास प्रथम निबंधकाकडे जाऊन नावाची भर घालण्याविषयी विचारावे. तसाच पुढे पाठवू नये.

येथे नोंदवहीपाशी बसणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री आपल्या जन्माचा उतारा घेऊन माझ्याकडे आली. पती परदेशात, ती सासरी. उताऱ्यात वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. ज्या कचेरीतून तो उतारा दिला गेला तेथील कारकुनाने, केवळ तिला पुन्हा खेप पडू नये या सद्‌भावनेने, चुकीच्या अक्षरावर शाईने बरोबर अक्षर गिरवून दिले होते. अमेरिकेतून पत्र आले : कागदात फेरफार दिसतो, खुलासा करावा. मूळ नोंदवही काढून पाहिली तर तेथेही तीच चूक. मग दुरुस्तीचा रीतसर अर्ज, पुरावे, नवा उतारा, खुलासापत्र. या साऱ्यात जवळजवळ एक वर्ष गेले. त्या वर्षात तिचे मूल जन्मले आणि बापाने ते केवळ छायाचित्रात पाहिले.

अधिनियमाच्या कलम १५ मध्ये या बाबतीत कसलीही संदिग्धता नाही. मूळ नोंद न बदलता समासात दुरुस्तीची नोंद करावयाची, तिच्याखाली निबंधकाने सही करावयाची आणि दुरुस्तीची तारीख लिहावयाची. एवढे केले की तीच दुरुस्ती अर्जदाराच्या बाजूने बोलते. गिरवलेले अक्षर मात्र कितीही खरे असले तरी खोटेच दिसते.

विवाहाचा दाखला

लग्नपत्रिका, मंगलाष्टकांची छायाचित्रे किंवा देवस्थानाची पावती हा विवाहाचा कायदेशीर दाखला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहेच. गोव्यात ही सक्ती पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे, पण तेथेही घोटाळा होतो. नागरी निबंधकापुढे ‘पहिली सही’ होते ती विवाह करण्याच्या इराद्याची घोषणा असते. ठरलेली मुदत गेल्यावर ‘दुसरी सही’ होऊन विवाह नोंदला जातो. परदेशातून रजेवर आलेली मंडळी पहिली सही करतात, मांडवात लग्न लावतात आणि विमान पकडतात. पुढे अर्जासाठी कागद शोधू लागल्यावर कायद्याच्या दृष्टीने विवाह अजून झालेलाच नाही हे ध्यानी येते. तेव्हा रजेचे दिवस मोजताना मुहूर्ताबरोबर दुसऱ्या सहीचाही दिवस मोजावा.

दोघांपैकी कोणाचा पूर्वी विवाह झाला असल्यास तो संपल्याचा पुरावा अनिवार्य आहे : न्यायालयाचा हुकूमनामा किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९(२) ने अशी रूढी राखून ठेवली आहे. तथापि ती रूढी त्या समाजात खरोखर अस्तित्वात आहे हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो. मुद्रांकित कागदावर पंचांच्या सह्यांनी केलेल्या फारकतीवर विसंबून कोणी अर्ज करू नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

विवाह खरा असल्याच्या पुराव्यात जोडखाते, दोघांच्या नावे असलेला भाडेकरार, वारस म्हणून जोडीदाराचे नाव असलेला विमा, मुलांचे जन्मदाखले यांना महत्त्व आहे. लग्नानंतर लगेच ताटातूट झालेल्या जोडप्याजवळ यांतील फारसे काही नसते. अशा वेळी परस्परांना भेटण्यासाठी केलेल्या प्रवासाची तिकिटे, पासपोर्टवरील शिक्के, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या आणि दोन्ही कुटुंबे एकत्र असलेली छायाचित्रे उपयोगी पडतात. छायाचित्रे शेकड्यांनी जोडण्यात अर्थ नाही. थोडी द्यावीत, आणि प्रत्येकामागे तारीख, स्थळ व त्यातील माणसे लिहावीत.

भाषांतर व इतर कागद

गोव्यातील जुने जन्मदाखले पोर्तुगीजमध्ये, आपले शालेय दाखले मराठीत, बेळगावचे कन्नडमध्ये, बडोद्याचे गुजरातीत. हे सर्व इंग्रजीत संपूर्ण भाषांतर करून द्यावे लागतात. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण दोन्ही भाषा जाणतो, असे भाषांतरकाराने सही करून प्रमाणित करावे लागते. सारांश चालत नाही. शिक्क्यातील मजकूर आणि समासातील शेराही भाषांतरात यावयास हवा. नावांचे रोमन लेखन भाषांतरकाराच्या मर्जीवर सोडू नये. पासपोर्टची प्रत त्याच्यापुढे ठेवावी.

अपोस्टील नावाच्या प्रमाणनाविषयी मध्यस्थ मंडळी बरीच भीती घालतात. त्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ मध्ये सामील झाला आणि काही देशांसाठी ते प्रमाणन लागतेही. अमेरिकेतील या अर्जासाठी भारतीय दाखल्यांवर ते सर्वसाधारणपणे मागितले जात नाही. त्यापायी खर्च करण्यापूर्वी सूचना स्वतः वाचाव्यात. विनंतीअर्जासोबत प्रती द्याव्यात, मूळ दाखले जपून ठेवावेत आणि मुलाखतीस बरोबर न्यावेत.

पोलीस दाखला भारतात पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर अन्य एखाद्या देशात बारा महिने वा अधिक राहिलेल्यांना त्या देशाचाही दाखला लागतो. आखातात नोकरी केलेल्या गोमंतकीयांनी हे विसरू नये. परदेशी जोडीदाराला आय-८६४ हे निर्वाहाचे हमीपत्र द्यावे लागते. त्यासाठी त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. कमी पडल्यास सहहमीदार घेता येतो.

प्रवेशाच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर मिळणारे वास्तव्य सशर्त असते. १९८६ च्या अमेरिकी कायद्याने ही तरतूद केली. दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो, आणि त्या वेळी संसार खरा असल्याचे पुरावे पुन्हा मागितले जातात. म्हणून तेथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यापासूनच भाडेपावत्या, विजेची बिले, बँकेचे उतारे दोघांच्या नावाने ठेवण्यास आरंभ करावा, आणि येथून नेलेली जुनी फाईल टाकून देऊ नये.