कलेकडे पाहताना: अभ्यासाला लागलेल्या भाचीस पत्र



पत्रास कारण की, चिरंजीवीने यंदा कलेच्या इतिहासाचा अभ्यास हाती घेतला असून चित्र, शिल्प, संगीत यांचा आस्वाद नेमका कसा घ्यावा, अशी पृच्छा केली आहे. या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे समाजात रूढ आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कला ही जाणकारांची बाब असून भरपूर वाचन झाल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये, असे एक पक्ष सांगतो. आवडले की झाले, त्यात शिकायचे ते काय, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या समजुतीमुळे माणूस कलाकृतीसमोर उभा राहूनही शेजारची माहितीची पाटीच वाचत राहतो, आणि दुसरीमुळे त्याची आवड वर्षानुवर्षे आहे तिथेच राहते. रसग्रहण, म्हणजे कलाकृतीचा सावधपणे घेतलेला आणि स्वतःशी तपासून पाहिलेला अनुभव, ही शिकता येण्यासारखी क्रिया आहे, आणि तिचा आरंभ माध्यमापासून करावा, हे या पत्राचे मुख्य सांगणे आहे. माध्यम म्हणजे कलावंत ज्या द्रव्यातून निर्मिती करतो ते द्रव्य: चित्रकाराचा रंग आणि पृष्ठभाग, शिल्पकाराचा दगड, गायकाचा स्वर, नर्तकाचे शरीर. प्रत्येक माध्यमाला काही गोष्टी सहज साधतात आणि काही मुळीच साधत नाहीत; न साधणाऱ्या गोष्टींपुढे कलावंताने कोणती वाट काढली, हे शोधू लागले म्हणजे नजरेला काम मिळते.

कलाप्रकारांच्या याद्या जुन्या आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये गायन, वादन, नृत्य आणि आलेख्य, म्हणजे चित्रकला, यांच्या पंक्तीला माळा गुंफणे, तांदूळ-फुलांची रचना, पाककृती आणि सुतारकामही बसलेले आहे. ललित कला वेगळ्या आणि उपयुक्त कला वेगळ्या, हा भेद त्या यादीला ठाऊक नाही. वास्तू, शिल्प, चित्र, संगीत आणि काव्य अशा पाच ललित कलांचा गट युरोपात अठराव्या शतकात पक्का झाला, आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर तो आपल्याकडे आला. त्याच शतकात, १७६६ साली, लेसिंग या जर्मन विचारवंताने ‘लाओकोऊन’ या ग्रंथात अवकाशाच्या कला आणि काळाच्या कला असा भेद मांडला. चित्र आणि शिल्प अवकाशात एकाच वेळी समोर असतात, म्हणून त्यांना घटनेचा एकच क्षण पकडता येतो. काव्य काळात एकामागून एक उलगडते, म्हणून त्याला क्रिया सांगता येते पण देखावा एकदम उभा करता येत नाही. हा भेद काटेकोर नाही, तरी नवशिक्या डोळ्याला तो फार उपयोगी पडतो. त्याला पूरक म्हणून विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र वाचावे. तिथे मूर्ती घडवण्याचे ज्ञान मागणाऱ्या वज्र राजाला मार्कंडेय ऋषी सांगतात की त्यासाठी आधी चित्र कळले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. कलांच्या सीमा लेसिंगने आखल्या. त्या सीमांखालून वाहणारी लय चित्रसूत्राने पाहिली. अभ्यासकाला दोन्हींची गरज आहे.

आता दगडाकडे वळावे, कारण महाराष्ट्रात जन्मलेल्या अभ्यासकाला या माध्यमाचा जगातला एक श्रेष्ठ धडा घराजवळ उपलब्ध आहे. वेरूळचे सोळावे लेणे, म्हणजे कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, काळ्या कातळातून कोरले गेले. मंदिर सामान्यतः पायापासून कळसाकडे चढत जाते; इथे काम माथ्यावरून खाली उतरले. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले, मधे उरलेल्या प्रचंड खडकातून शिखर, मंडप, हत्ती, स्तंभ मोकळे केले, आणि मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच उभा राहिला. वास्तूमध्ये चुकलेला चिरा बदलता येतो. इथे फुटलेले पुन्हा जोडायला दुसरा दगडच नव्हता. म्हणून कैलास वास्तू आहे की शिल्प, हा प्रश्न विद्वानांनी पुष्कळ चर्चिला असला तरी त्याचे उत्तर कातळाकडे पाहून मिळते: वास्तूचे रूप धारण केलेले ते एक शिल्प आहे, कारण त्याची घडण जोडण्याने झालेली नसून वगळण्याने झालेली आहे. जोत्यावरचे हत्ती सगळा भार पाठीवर पेलत असल्यासारखे दिसतात. वस्तुतः ते आणि मंदिर एकाच दगडाचे असल्याने पेलण्याचा प्रश्नच नाही, आणि तरीही भार जाणवतो. हा जाणवणारा भार ही शिल्पकाराची निर्मिती होय.

याच मंदिराच्या दक्षिण अंगाला रावण कैलास पर्वत हलवतो आहे असा शिल्पपट आहे, आणि लेसिंगचा एक क्षण म्हणजे काय, हे त्याच्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. रावण तळाच्या खोल पोकळीत, सावलीत कोंडलेला आहे; वर पार्वती घाबरून शिवाकडे झुकली आहे, मागे एक दासी पळ काढते आहे, आणि शिव मात्र स्वस्थ बसून नुसत्या पायाने पर्वत दाबतो आहे. पर्वत हलला आहे आणि अजून स्थिरावलेला नाही, असा तो मधला क्षण शिल्पकाराने निवडला, त्यामुळे आधीची आणि नंतरची कथा पाहणाऱ्याच्या मनात आपोआप पुरी होते. इथे सावली हेसुद्धा माध्यम झाले आहे. खालची पोकळी उथळ कोरली असती, तर रावणाचे बळ आणि त्याची कोंडी ही दोन्ही हरवली असती. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती मांडताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली: सारख्या घटकांचे जुळणे, भिन्न घटकांचे एकमेकांसमोर येणे आणि वेगळ्या घटकांनी एकमेकांना तोलून धरणे. हा शिल्पपट पाहताना ती तिन्ही शोधून पाहावीत. खालच्या ताणलेल्या हातांचा वरच्या सैल बसण्याशी असलेला विरोध तर पहिल्याच नजरेत भरतो.

चित्राचे माध्यम सपाट असते, आणि सपाट पृष्ठावर खोली, गोलाई, वजन भासवायचे ही त्याची मूळ अडचण. अजिंठ्याच्या वाघोरा नदीकाठच्या लेण्यांत ही अडचण कशी सोडवली, ते पाहण्यासाठी पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहावे. खडबडीत कातळावर माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग अशी ती पद्धत होती. ओल्या चुन्यावर रंग शोषवण्याची युरोपीय भित्तिचित्रांची रीत ही नव्हे. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती आणि हिरवा दगड हे रंग सहज मिळणारे होते. राजावर्त दगडाचा निळा मात्र दूर अफगाणिस्तानच्या बाजूने येत असे, म्हणून तो जिथे दिसेल तिथे थोडे थांबावे. नाकाची कड आणि हनुवटी उजळ ठेवून बाजूला रंग गडद करत नेण्याच्या रीतीला जुने ग्रंथ ‘वर्तना’ म्हणतात; त्यामुळे चेहऱ्याला उठाव येतो, पण विशिष्ट दिशेने आलेला प्रकाश त्यात नाही. तो प्रकाश व्यक्तीच्या आतून आल्यासारखा वाटतो, आणि बोधिसत्त्वाच्या चित्रात याहून योग्य काय असणार?

या चित्राला यशोधराने कामसूत्रावरील जयमंगला टीकेत सांगितलेली सहा अंगे लावून पाहता येतात. रूपभेद म्हणजे आकारांचे वेगळेपण, प्रमाण म्हणजे अवयवांची मापे, भाव म्हणजे चित्तवृत्तीचे दर्शन, लावण्ययोजन म्हणजे रेखेत आणलेला डौल, सादृश्य म्हणजे साम्य आणि वर्णिकाभंग म्हणजे रंगांची हाताळणी. मात्र परीक्षेत लिहावीत तशी ती एकामागून एक मोजत जाऊ नये. पद्मपाणीत भाव आणि लावण्य इतके एकजीव झाले आहेत की खाली झुकलेल्या पापण्यांची रेषा कुठे सुंदर होते आणि कुठे करुण होते, हे वेगळे काढता येत नाही. जिथे यादी अपुरी पडते, ती जागा वहीत टिपून ठेवावी. पुढचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

संगीताला अवकाश नाही, त्याला फक्त काळ आहे, आणि काळात गेलेले परत समोर ठेवता येत नाही. म्हणून ऐकणाऱ्याची स्मृती हा संगीताचा अर्धा रंगमंच असतो. विलंबित एकतालातला यमनचा ख्याल ऐकताना, बारा मात्रांचे आवर्तन कुठे संपते आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते याकडे कान ठेवावा. बंदिशीचा मुखडा समेवर येऊन टेकतो तेव्हा जे समाधान वाटते, ते आधीच्या आवर्तनाने जागवलेल्या अपेक्षेतून आलेले असते. यमनची चढती वाट पुष्कळदा षड्ज आणि पंचम टाळून जाते, त्यामुळे शेवटी लागणारा षड्ज घरी परतल्यासारखा भासतो. यमनमधला तीव्र मध्यम हा स्वर ओळखता आला नाही तरी हरकत नाही. एकच राग महिनाभर वेगवेगळ्या गायकांकडून ऐकला की कान आपसूक तो शोधू लागतो. एका महिन्यात वीस राग ऐकण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी आहे.

नाटक आणि चित्रपट या अनेक माध्यमांच्या संगमातून झालेल्या कला होत. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आणला, आणि त्यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत झाले होते, एवढी एक गोष्टही चित्रकला आणि चित्रपट यांच्या नात्याची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

सर्वच कला दालनात टांगण्यासाठी जन्मलेल्या नाहीत, याचेही भान ठेवावे. वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. ते चित्र विधीचा भाग असते, ते पाहण्यासाठी नसून त्याच्या साक्षीने लग्न लागण्यासाठी असते. जिव्या सोमा म्हशे यांनी हीच रेषा कागदावर आणि कापडावर आणली, तिच्यात रोजचे जगणे, शेती, तारपा नाच भरला, आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येताना विधी मागे राहिला आणि गती वाढली. हा लाभही आहे आणि हानीही आहे. वर्तुळ आणि दोन त्रिकोणांत माणूस उभा करणाऱ्या या रेषेला ‘साधी’ म्हणून सोडून देणे हा मात्र पाहण्याचा आळस होय.

चिरंजीवीची खरी कसोटी अमूर्त चित्रांपुढे लागेल. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कॅनव्हाससमोर पुष्कळ सुशिक्षित माणसे ‘यात काय दाखवले आहे’ असे विचारतात. हेच लोक यमनच्या आलापात काय दाखवले आहे, असे कधी विचारत नाहीत; स्वरांना विषय नसला तरी चालतो, रंगांना मात्र हवाच, ही केवळ सवय आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवत, काढत, पुन्हा चढवत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. त्या थरांतून आलेला उजेड हाच तिथला विषय आहे आणि तो मोबाइलच्या पडद्यावर येत नाही. म्हणूनच छायाचित्रांवरून मत बनवू नये: छापील चित्रात आकारमान, पोत आणि प्रकाश हे तिन्ही हरवतात, आणि गायतोंडे यांच्या चित्रात या तिघांवाचून फारसे काही उरत नाही.

आता कलाकृतीकडून तिचा आस्वाद घेणाऱ्याकडे वळावे. भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती सखोल विवरली. तिचा गाभा असा की रंगमंचावरचा शोक पाहताना प्रेक्षक रडतो, पण ते रडणे त्याच्या घरच्या दुःखाचे नसते. मी-माझेपणाची बंधने सैल होऊन भाव सर्वांचा होतो, आणि म्हणून करुणातही आनंद असतो. असा अनुभव ज्याला येतो त्याला ‘सहृदय’ म्हणतात. हे सहृदयत्व उपजत असते असे पुष्कळांना वाटते. अभिनवगुप्त मात्र काव्याच्या सततच्या परिशीलनाने मनाचा आरसा निर्मळ होतो असे मानतो, आणि अध्यापनाचा अनुभवही त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

म्हणून दिवाळीच्या सुटीत प्रवासाचा बेत असा आखावा. कुठलेही पुस्तक वाचण्याआधी वेरूळला जावे, आणि कैलासात शिरण्यापूर्वी बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून तो वरून पाहावा, कारण कारागिरांचे काम तिथून सुरू झाले. मग खाली उतरून रावणाच्या शिल्पपटाचे जमेल तसे रेखाटन करावे. हात वाईट चालला तरी डोळा नीट पाहू लागतो. अजिंठ्याला दुर्बीण न्यावी, छताच्या चित्रांसाठी तिचा उपयोग होतो. फ्लॅश वापरण्यास तिथे मनाई आहे, आणि रंगांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. एका दिवसात दोन लेण्यांहून अधिक पाहण्याचा हव्यास धरू नये. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा बेत बुधवारपासून ठरवावा, आणि परतल्यावर वही इकडे पाठवावी.