लालबागमध्ये भरलेल्या मालमत्ता करावर देखरेख कोणाची?

लालबागच्या रहिवाशाने एफ दक्षिण विभागात भरलेला मालमत्ता कर त्या विभागाकडे राहत नाही. तो बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या निधीत जमा होतो. हिशेब ठेवणारे प्रमुख लेखापाल आयुक्तांच्या हाताखाली काम करतात. तपासणी मात्र महापालिका प्रमुख लेखापरीक्षकांकडे असते आणि ते आपले आक्षेप स्थायी समितीपुढे मांडतात. हिशेब लिहिणारा हात आणि तपासणारा हात वेगळा असणे, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

त्याची गरज मुंबईने अनुभवातून ओळखली. 1865 पासून आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर झपाट्याने सुधारले, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. 1871 मध्ये करदाते खवळले. 1872 च्या कायद्याने निवडून आलेले सदस्य आणि पैशावर लक्ष ठेवणारी नगर समिती आणली. 1888 च्या कायद्यात तिची जागा स्थायी समितीने घेतली. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे.

आयुक्त फेब्रुवारीच्या आरंभी अर्थसंकल्प समितीला सादर करतात. समिती तो तपासते आणि सभागृह मंजूर करते. मोठ्या रकमेच्या कंत्राटांनाही समितीची संमती लागते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक नेमले गेले, तेव्हा प्रस्ताव मांडणे व मंजूर करणे एकाच हाती आले. 2025-26 चा सुमारे 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही असाच संमत झाला. लोकप्रतिनिधींच्या चर्चेविना एवढा खर्च ठरणे ही गंभीर उणीव होती.

राज्य सरकार विशेष लेखापरीक्षणही करवू शकते. 2022 मध्ये ते काम देशाच्या महालेखापरीक्षकांकडे सोपवले होते.