खाणावळ ठरवताना

मुलगी बारावी झाली. कॉलेजसाठी सोलापूरला निघाली. राहायला खोली मिळाली. आता जेवणाचे काय?

शहरात मेस असते. मेस म्हणजे महिन्याची खाणावळ. पैसे आधी भरायचे, रोज दोन वेळा जेवायचे. दुसरी रीत कुपनाची. जेवाल तेवढीच कुपने द्यायची.

स्वस्त कोणती? हिशेब मांडू या. समजा, मेसचे महिन्याला ३००० रुपये. तीस दिवसांची ६० ताटे. एक ताट ५० रुपयांना पडले. कुपनाचे ताट ६० रुपयांना. मेस स्वस्त वाटते ना? पण मुलगी दर शनिवारी संध्याकाळी एस.टी.ने मोहोळला घरी येते. सोमवारी सकाळी परत जाते. आठवड्याला तीन ताटे चुकली. चार आठवड्यांची बारा. उरली ४८. कुपनाने त्यांचे २८८० रुपये होतात. म्हणजे मेसच महाग!

म्हणून आधी विचारा, खाडे धरता का? खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. त्याचे पैसे वजा झाले, तर मेस परवडेल. आम्ही तर म्हणतो, बापाने एकदा तिथे जेवूनच पाहावे. डाळ किती पातळ, हे पाटीवर लिहिलेले नसते.

कडक भाकरी अन् शेंगाची चटणी सोबत द्यावी. ती टिकते. पण नुसत्या तिच्यावर पोरीने दिवस काढू नयेत. पैसे वाचवायला काही पोरी रात्रीचे ताट सोडतात आणि घरी सांगत नाहीत. घरी आली की मायेने विचारा.

अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून जेवणाखाणासाठी पैसे मिळू शकतात. चौकशी समाज कल्याण कार्यालयात करावी.